डॉक्टरांसमोर नाना झकास चालतात

आमच्या नानांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन आता सहा वर्षं होतील आणि या सहा वर्षांत आईचं एकच गाऱ्हाणं आहे, "डॉक्टरकडं गेलं की यांच्या अंगात येतं." म्हणजे घरी स्वयंपाकघराच्या दारात मिनिट मिनिट खांबासारखा उभा राहणारा हा माणूस केबिनचं दार उघडलं की असा ताठ चालत आत जातो की मी आधी जे काही सांगितलेलं असतं ते सगळं खोटं वाटावं. डॉक्टर म्हणणार छान चाललंय की, नाना आमच्याकडं विजयी मुद्रेनं बघणार, आणि खाली येऊन रिक्षात चढताना पाय परत जमिनीला चिकटलेले!

सुरुवात पण चालण्यावरनंच कळायला हवी होती खरं तर. मावसभावाच्या लग्नाच्या व्हिडिओत नाना मांडवातनं चालत येतायत, डावा हात मस्त हलतोय आणि उजवा पँटला शिवल्यासारखा. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं फ्रोजन शोल्डर आहे, चार महिने शेक आणि मालिश. हात थरथरत नव्हता ना, मग कंपवात कोण म्हणणार. पण चप्पल फरफटल्याचा आवाज आईनं त्याच्याही आधी ओळखला होता. ती म्हणायची हल्ली जिन्यात कोण आलं ते न बघता कळतं.

तर मूळ मुद्दा. मागच्या वर्षी घरी यायला एक फिजिओ ताई मिळाली, आणि पहिल्यांदा कुणीतरी नानांचं चालणं नीट मोजलं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये दारापासून खुर्ची आठ फुटावर, आणि ताईकडनं कळलं की पार्किन्सन्सची जी जगभर वापरतात ती मार्कांची पद्धत आहे तिच्यात पेशंटला निदान १० मीटर चालवायचं, मग वळवून परत आणायचं असं चक्क लिहिलंय. ० ते ४ मार्क, कमी तितकं चांगलं. चालण्याचे वेगळे, मध्येच पाय गोठतात त्याचे वेगळे. आठ फुटात काय दिसणार, कपाळ!

ताईनं पहिल्या दिवशी हातांची प्लास्टिकची खुर्ची मागितली. आमच्या हॉलच्या फरश्या दोन बाय दोनच्या, तिनं पाच फरश्या मोजल्या, दोन इंच कमी केले, झाले ३ मीटर, तिथं टेप चिकटवली. मग म्हणाली, काका, नेहमीची चप्पल घाला, मी चला म्हटलं की उठायचं, टेपपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, पळायचं नाही. बस एवढंच. टाइम्ड अप अँड गो म्हणतात, १९९१ पासून वापरात आहे. एकदा सराव, मग मोबाईलवर स्टॉपवॉच. नाना १४ सेकंद. म्हाताऱ्या माणसांना साडेतेराच्या वर लागले की पडायचा धोका धरतात म्हणे, म्हणजे अगदी काठावर. मला वाटलं ठीकाय की.

पण ती सेकंदांपेक्षा बाकीचंच बघत होती. खुर्चीतून उठायला किती झोके घेतले, वळताना किती पावलं पडली (आपण दोन-तीन पावलांत वळतो, नाना आठ, आणि मान, खांदे, कंबर सगळं एकदम, कपाट सरकवल्यासारखं), बसताना धपकन बसले का. आणि मग विचारलं, गोळी किती वाजता घेतली? तासाभरापूर्वी. म्हणाली, मग उद्या मी सकाळी सातला येते, पहिल्या गोळीच्या आधी.

दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची, तीच टेप, तेच नाना. २७ सेकंद. मी नुसती बघत राहिले. आमची अपॉइंटमेंट कायम ११ ची असते, आणि १० ची गोळी घेऊनच आम्ही निघतो, म्हणजे डॉक्टरांनी नानांना गोळीचा असर उतरलेला असताना कधी बघितलेलंच नाही!

मग तिनं एक गंमत केली. म्हणाली आता चालता चालता १०० मधनं ३-३ वजा करत जायचं, मोठ्यानं. नाना सहकारी बँकेत कॅशियर होते, बत्तीस वर्षं. त्यांचा चेहराच उजळला. शंभर, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव, असं झरझर, आणि वळायच्या जागी एकोणऐंशीवर आले नि पाय थांबले. तोंड नाही थांबलं, शहात्तर, त्र्याहत्तर चालूच, हिशोब एकदम बिनचूक, आणि दोन्ही टाचा उचललेल्या, गुडघे जागच्या जागी थरथरतायत. ताईनं पटकन कमरेपाशी धरलं.

तिनं नंतर चहा घेताना समजावलं ते मला फार पटलं. आपण चालतो तेव्हा चालतोय हे आपल्या गावीही नसतं, मेंदूच्या आत बेसल गँगलिया म्हणून जो भाग आहे तो ते काम परस्पर उरकतो. डोपामिन, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत जे रसायन कमी होतं ते, कमी पडलं की ते परस्पर उरकणं बिघडतं, मग एकेक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं. केबिनमध्ये नाना सगळं लक्ष पायात ओततात, म्हणून झकास. घरी डोक्यात असतं मीठ कुठं ठेवलं, दाराची बेल वाजली, फोन कुणाचा, की झालं. त्यातनं दार, वळण, अरुंद जागा, घाई, ही गोठण्याची हमखास ठिकाणं. आणि आम्ही काय करायचो तर मागनं "चला ना, चला ना" म्हणून घाई. सहा वर्षं. आता आठवलं की लाज वाटते.

अजून एक तपासणी आहे, ती मात्र घरी कुणी स्वतः करू नका. मागं उभं राहून, आधी सांगून, दोन्ही खांदे झटकन मागं ओढतात आणि तोल सावरायला किती पावलं लागतात ते मोजतात. एक-दोन चालतात. नानांना चार लागली. आई आतनं ओरडली, अगं पाडशील त्यांना! ताईच्या पाठीशी भिंत होती आणि हात तयार होते, तरी माझ्या पोटात गोळा आलाच.

ताईनं आम्हाला दोन कामं लावली. एक, कालनिर्णयच्या पानावर गोळीची वेळ आणि पाय कधी अडकले ते लिहायचं. हे आईकडं. दोन, व्हिडिओ. चेहरा नाही, पाय दिसले पाहिजेत, समोरून आणि बाजूनं, आणि गोळी घेऊन किती वेळ झाला ते बोलून ठेवायचं. मी सहा वर्षांत नानांचे वाढदिवसाचे शंभर फोटो काढले असतील, एकात पाय नाहीत.

दिवाळीत आईलाच एक शोध लागला. दाराबाहेर तिनं रांगोळी काढली होती, आणि एरवी दारात अडकणारे नाना रांगोळी मोडू नये म्हणून पाय उचलून ऐटीत ओलांडून गेले, दोनदा. ताईला सांगितलं तर ती हसायलाच लागली, म्हणाली मी हेच करणार होते काकू. समोर रेघ दिसली की डोळ्यांच्या वाटेनं पावलाला हुकूम मिळतो, म्हणूनच जिना चढता येतो आणि सपाटीवर अडतं. आता स्वयंपाकघराच्या दारात इलेक्ट्रिशियनच्या पिवळ्या टेपच्या पाच आडव्या रेघा आहेत. घर वर्कशॉपसारखं दिसतं, असू दे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांकडं गेलो, नाना नेहमीसारखे परेड करत आत. मी काही न बोलता सकाळी सातचा व्हिडिओ पुढं केला. त्यांनी तो दोनदा बघितला, उठले, नानांना बाहेर पॅसेजमध्ये नेलं आणि म्हणाले, काका, जागच्या जागी पूर्ण गोल फिरा, जमेल तेवढं भरभर. झालं. आता उलट्या बाजूनं. अर्ध्या गोलात पाय चिकटले, गुडघे थरथरायला लागले. आई पिशवी छातीशी धरून उभी होती, म्हणाली, "हां! हे. हेच सांगत होते मी."

नाना खुर्चीत बसत म्हणाले, आज गोळी जरा उशिरा झाली. आईनं पर्समधनं कालनिर्णयचं फाडलेलं पान काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. १० वाजून ५ मिनिटं.