दोन लाख एकतीस हजार मैल, पाच गिअर

बायकोने आकडा ऐकला आणि एवढंच विचारलं, “इतकी चाललेली गाडी तू विकतोयस की घेतोयस?” प्रश्न रास्त होता. ओडोमीटरवर २,३१,००० मैल, म्हणजे जवळपास पावणेचार लाख किलोमीटर. वय तीसच्या पुढे. दारं दोनच, आणि मागच्या सीटवर उंच माणूस बसलाच तर मान वाकवून.

पण मला लेक्सस (टोयोटाचा आलिशान गाड्यांचा ब्रँड) एससी ३०० च हवी होती, आणि तीही मॅन्युअल, म्हणजे हाताने गिअर बदलायची. अमेरिकेत ही गाडी १९९२ च्या मॉडेलपासून मिळू लागली. जपानमध्ये तिचं नाव टोयोटा सोअरर. तिचा आकार मात्र कॅलिफोर्नियात, टोयोटाच्या कॅल्टी स्टुडिओत ठरला. इंजिन तीन लिटरचं, ओळीत सहा सिलिंडर, २जेझेड-जीई. म्हणजे टोयोटाच्या सुप्रा या स्पोर्ट्स कारच्या त्या प्रसिद्ध इंजिनाचा टर्बो नसलेला भाऊ. थोरली एससी ४०० व्ही-८ होती, पण ती फक्त ऑटोमॅटिक. पाच गिअरचा मॅन्युअल एससी ३०० लाच मिळायचा, तोही १९९७ पर्यंत. आलिशान गाडी घेणाऱ्याला तेव्हाही डावा पाय आरामात ठेवायचा असायचा, त्यामुळे या गाड्या मुळातच थोड्या खपल्या. उरल्या त्यांतल्या बऱ्याच सुप्राशी असलेल्या नात्यापायी वाया गेल्या. कोणीतरी टर्बो बसवला, कोणी गाडी जमिनीला टेकवली.

पहिली पाहिली ती १,१२,००० मैलांची. चकचकीत. मालक तरुण, बोलायला गोड. “कंपनीतूनच मॅन्युअल आहे,” तो म्हणाला. मी आत बसलो, चावी फिरवली आणि मीटरमध्ये पी, आर, एन, डी अशी अक्षरं दिसली. ती ऑटोमॅटिकची खूण, मॅन्युअल गाडीच्या मीटरमध्ये त्यांचं काय काम? क्लच न दाबता स्टार्टर मारून पाहिला, गाडी सुरू झाली, जी व्हायला नको होती. रिव्हर्स टाकून त्याला मागे उभं केलं, पांढरा दिवा लागला नाही. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवलेली होती, आणि वायरिंग अर्धवट सोडलेलं. असा बदल नीट केला तर मला त्याचं वावडं नाही. पण जो एवढं लपवतो, तो आणखी काय लपवत असेल?

शिवाय तो १,१२,००० चा आकडा. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, नियमानुसार २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलची गाडी दहा वर्षांची झाली की विकणाऱ्याला ओडोमीटरचा आकडा लिहून द्यावा लागत नाही. म्हणजे त्या आकड्यामागे कागदावर कोणीच उभं नव्हतं. आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं.

दुसरी गाडी १९९३ ची. मालक साठीचे, कमी बोलणारे. मी फोनवर एकच विनंती केली होती, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी झाकतं. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. ते हसले आणि माझ्या हातात एक फुगलेली फाइल दिली. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा पट्टा) ६२,००० मैलांना, १,२१,००० ला आणि १,८३,००० ला बदललेला, शेवटच्या दोन्ही वेळी वॉटर पंपासकट. बेल्ट साधारण ६०,००० मैलांना बदलायचा असतो, तेव्हा पुढचा खर्च बारा हजार मैलांवर आलेला. या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाहीत, पण भर रस्त्यात गाडी बंद पडतेच. मी पावत्या जमिनीवर तारखेने लावल्या आणि मैल बघत गेलो. आकडा कुठेही मागे जात नव्हता. ओडोमीटरवर माझा विश्वास बसला तो तिथे, काचेमागचे अंक बघून नव्हे.

स्टार्टर मारला. निळा धूर नाही, म्हणजे इंजिन तेल जाळत नाही. थोड्या वेळाने आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, खाली आलं आणि स्थिरावलं.

मग माझं आवडतं काम. १९९६ पूर्वीच्या या गाडीला हल्लीचा स्कॅनर जोडता येत नाही. बॉनेटखाली डायग्नोस्टिकची एक छोटी डबी असते. तिचं झाकण उघडून टीई१ आणि ई१ ही दोन भोकं वायरच्या तुकड्याने जोडायची, इंजिन सुरू न करता चावी ऑन करायची आणि ‘चेक इंजिन’चा दिवा मोजत बसायचं. एका लयीत लुकलुकत राहिला तर कोड, म्हणजे बिघाडाचा नोंदलेला आकडा, नाही. माझ्यासमोर तो सात वेळा लुकलुकला, थांबला, एकदा लुकलुकला. ७१. म्हणजे ईजीआर, जळलेला वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा. मला उलट बरं वाटलं. गिऱ्हाईक येणार म्हणून फ्यूज किंवा बॅटरीची वायर काढून कोड पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. यांनी ते केलं नव्हतं, रेडिओवरची स्टेशनंसुद्धा जागच्या जागी होती.

चालवताना दुसरा गिअर पहिल्या दहा मिनिटांत किंचित खरखरला. तेल गरम झाल्यावर सरळ पडू लागला. सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी कडी, थकलाय, मेलेला नाही. क्लच तपासायला चौथ्या गिअरमध्ये हळू चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएम एकदम वर पळाले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. तसं झालं नाही. न्यूट्रलमध्ये बारीक गुरगुर होती, क्लच दाबला की गप्प. म्हणजे संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. दाबल्यावर आवाज आला असता तर क्लचचं रिलीज बेअरिंग म्हटलं असतं. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून मी ठरवलं, क्लच जाईल तेव्हा दोन्ही एकदम.

या गाडीच्या दारांबद्दल सांगायलाच हवं. साधी बिजागरी नाही. जोडपट्ट्यांवर दार आधी थोडं पुढे सरकतं, मग बाहेर उघडतं, म्हणजे एवढं लांब दार असूनही अडचणीच्या जागी उतरता येतं. ड्रायव्हरचं दार मात्र मला किंचित उचलून लावावं लागलं. तीस वर्षं एकाच बाजूने चढउतार झाल्यावर दुसरं काय होणार!

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचे, सहाही आकडे एकमेकांच्या जवळ. पण पुढच्या उजव्या चाकाला वरखाली हलवलं तर लोअर बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या सांध्यात, खडखडाट. “हा बदलल्याशिवाय हायवेला जाऊ नकोस,” तो म्हणाला. जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं, यात थट्टा नाही. बॉल जॉइंट, ईजीआर आणि जवळ आलेला बेल्ट या तिन्हींचा अंदाज मी मालकांपुढे ठेवला. त्यांनी निम्मा मान्य केला, मी निम्मा गिळला. टायटल (मालकीचा कागद), विमा, नंबरप्लेट एका सकाळीत उरकलं.

घरी आणल्यावर पहिलं काम इंजिनच्या कॉम्प्युटरचं. या वयाच्या ईसीयूमधले कपॅसिटर गळतात आणि गळलेला द्राव बोर्ड खातो. झाकण उघडताच सडक्या माशासारखा वास आला. बोर्ड अजून शाबूत होता. कपॅसिटर बदलून घेतले.

एक काम राहिलंय. रात्री मीटरचे आकडे छान उजळतात, पण काट्यांमधला उजेड गेलाय. काळ्यावर काळे काटे. गिअर मी इंजिनच्या आवाजावर बदलतो, त्याची सवय झाली. वेगासाठी फोनवर जीपीएस लावून ठेवलाय. बायको शेजारी असली की तो आकडा ती मोठ्याने वाचते, आणि साठच्या वर गेला की जरा जास्तच मोठ्याने.