पलीकडचं टोक

घरात सुतारकाम निघालं की कामांची वाटणी आपोआप होते. मोठ्या माणसाच्या हातात करवत, आणि पोराला हुकूम सुटतो, "धर रे जरा." पोरानं फळीचं पलीकडचं टोक धरायचं, हलू द्यायचं नाही, नाकाला खाज सुटली तरी सोसायची. आमच्या साताऱ्याच्या घरातली पुस्तकांची मांडणी, गणपतीचा चौरंग, पिंपाखालची तिवई, सगळं आप्पांनी रविवारी-रविवारी केलेलं. त्यात माझा वाटा दोन तळव्यांचा. पाहुण्यांना दाखवताना आप्पा "मी केलं" म्हणायचे, तेव्हा मला फार राग यायचा.

यंदा दारापाशी बसून बूट घालायला एक बाकडं करायचं ठरलं, तेव्हा मी करवत मुलाकडे दिली, वय वर्षं बारा, आणि टोक स्वतःकडे ठेवलं. उदारपणा वगैरे काही नाही. माझा खांदा दुखत होता.

लाकूड मात्र मी निवडलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नव्या सागवानाचा घनफुटाचा भाव विचारला आणि निमूटपणे जुन्या लाकडाच्या वखारीकडे वळलो. पुण्यात वाडे पडतात तेव्हा त्यांची दारं, तुळया, चौकटी अशा ठिकाणी येऊन उभ्या राहतात. एका दाराची फूटभर रुंद फळी आणि चौकटीचे तुकडे मिळाले. "ताई, मिस्त्री कुठाय?" वखारवाल्यानं विचारलं. मी मुलाकडे बोट दाखवलं. त्यानं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाच-सहा तुकडे फुकटात जास्तीचे टाकले.

जुन्या सागवानात खिळ्यांची भीती असते. मोडक्या, गंजक्या, लाकडाच्या रंगात मिसळून गेलेल्या चुका. रंध्याचं पातं अशा एखादीवरून गेलं की धारेला खांड पडलीच. त्यावर चिरंजीवांनी शोधलेला उपाय मला सुचला नसता. फुटक्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून तो फळीवरून वीत-वीत फिरवत होता. दोरा तिरका झाला की तिथे खडूची फुली. फुलीपाशी खरवडायचं, पकडीनं उपटायचं, पुन्हा दोरा. फळी साफ झाल्यावर रंधा मारला, तर वरच्या मळकट ऑइलपेंटखालून नव्या गुळासारखा रंग निघाला. "आई, हे तर नवीन आहे!" नवीन कसलं! उजेड लागला की काही महिन्यांत पुन्हा तपकिरी होणार. सागवानाच्या अंगी तेलकट द्रव्यं असतात, म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण सिलिकाही असते, म्हणजे वाळूतलाच ऐवज, त्यामुळे पात्याची धार भराभर बसते. सारखं पातं काढा आणि दगडावर लावा. सोसायटीतले काका पार्किंगमधून जाता-येता "अजून धारच चाललीय?" असं विचारून जायचे.

आता टोकाबद्दल. हे काम बिनडोक आहे असं मला लहानपणी वाटायचं. करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणून काप पात्याहून जरा रुंद पडतो आणि करवत मोकळी चालते. शेवटचे दोन इंच येईपर्यंत धरणाऱ्याला खरंच फारसं काम नसतं. मग मात्र सगळं त्याच्यावर येतं. टोक जरासं वर उचललं गेलं की काप मिटतो आणि करवत गच्च बसते. खाली सोडलं तर तुकडा स्वतःच्या वजनानं मोडतो आणि जाताना चांगल्या फळीची लांब चिरफळी घेऊन जातो. तुकड्याचं वजन तेवढं पेलायचं. गुंजभर जास्त नाही, कमी नाही. नजरेपेक्षा हाताला हे आधी कळतं.

शिवाय कापणाऱ्याला दिसते फक्त रेघ. करवत उभी आहे की कललीय, हे समोरच्याला जास्त नीट दिसतं.

"उजवीकडे कलतेय."

"तुझी उजवी का माझी?"

यावर दोनदा वाद झाला, मग "पार्किंगचं गेट" आणि "लिफ्ट" अशा दिशा ठरल्या. आप्पांच्या समोर उभी राहून मीही त्यांची करवत कलताना पाहिली असेल, पण बोलले कधीच नाही. टोक धरणाऱ्यानं बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. यंत्रं येण्याआधी मोठे ओंडकेसुद्धा दोघांनीच चिरायचे, एक वर उभा, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. त्याचं मत कुणी विचारत असेल असं वाटत नाही.

स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑट्टो सालोमन नावाचे गृहस्थ नेस या ठिकाणी शिक्षकांना लाकूडकाम शिकवायचे. 'स्लॉइड' म्हणून ती पद्धत पुढे बऱ्याच देशांत गेली. वस्तू घरात वापरता येईल अशीच करायची, सोप्याकडून अवघडाकडे जायचं, आणि शिक्षकाला दंडक असा की मुलाच्या कामाला आपला हात लावायचा नाही. आपल्याकडेही 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली आणि झाकिर हुसेन समितीनं जो अभ्यासक्रम आखला, त्यात सुतारकाम होतं. आमच्या शाळेपर्यंत पोचेतो त्याचा 'कार्यानुभव' झाला होता, आणि कार्यानुभवात आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड केले. तेही बहुतेकींच्या आयांनी.

सालोमनसाहेबांचा दंडक वाचायला सोपा आहे. समोर पोरगं पायाच्या कुसवासाठी, म्हणजे आत बसणाऱ्या टोकासाठी, खाच कोरतंय आणि पटाशी उलटी धरलीय, अशा वेळी "आण इकडे" हे जिभेवर यायच्या आधी हात पुढे गेलेला असतो. मी हात मांडीखाली घेऊन बसले. संध्याकाळी आप्पांनी व्हिडिओ कॉलवर एवढंच विचारलं, "पटाशीचा उतार आत आहे का बाहेर?" त्यानं पाहिलं आणि मुकाट्यानं फिरवली. हेच मी विचारलं असतं, तर "माहितीये गं" ऐकावं लागलं असतं.

खाच थोडी मोठी झाली होती. आप्पांनी फोनवरूनच अंदाज बांधला, "दोन सूत ढिली आहे." आठ सूत म्हणजे इंच, त्यांचं सगळं घर त्या मापात बसवलेलं. नातवानं मोबाइलवर हिशेब केला.

"म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस शतांश मिलिमीटर, आजोबा."

"नाही. दोन सूत."

सागवानाचीच पातळ पाचर ठोकून ती फट भरली. आप्पांच्या लहानपणी सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या हाडा-कातड्याचा, गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ केलेला. त्याचा वास गल्लीभर. 1959 साली फेविकॉल आला आणि हळूहळू तो वास गेला. वाट बघणं मात्र राहिलं. सांधा पुरता पक्का व्हायला चोवीस तास द्यायचे, आणि बारा वर्षांच्या मुलाला त्याच बाकड्यावर त्याच संध्याकाळी बसून मित्राला फोटो पाठवायचा असतो. शेवटी बाकड्याशेजारी जमिनीवर बसून फोटो काढला गेला.

वरची फळी पायांच्या सांगाड्याला चिकटवायची नाही, हा आप्पांचा आग्रह. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. जुलैत बाथरूमचं दार अडकतं ते याचमुळे. घट्ट जखडली तर फळी एक दिवस मधोमध तडकते. म्हणून खालून स्क्रू, आणि स्क्रूची भोकं गोल न ठेवता आडवी लांबट केलेली, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. ही लांबट भोकं मुलाला अजिबात पटलेली नाहीत. "झाड मेलंय ना, मग फुगेल कशाला?" त्यानं फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलनं आजची रुंदी लिहून ठेवलीय, मिलिमीटरच्या दहाव्या भागासकट. आप्पा म्हणतात एक सूत वाढेल, मी अर्ध्या सुतावर आहे, चिरंजीव शून्यावर. पैज आंब्याच्या आइस्क्रीमची, मोजणी ऑगस्टमध्ये, आणि टेप कोण धरणार यावर आत्तापासूनच भांडण सुरू आहे.