सुई सोपी, शिक्का कठीण

पावसाळ्यात कुंपणाच्या तारेने आमच्या घोडीचा मागचा पाय फाटला. आम्ही पेडणे तालुक्यातले. घोड्यांचे डॉक्टर सावंतवाडीहून येतात. त्यांनी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "प्रोकेन पेनिसिलिन हे अँटिबायोटिक सकाळ-संध्याकाळ द्यायचंय. दोन्ही वेळा मला यायला जमणार नाही, तुम्हीच शिका."

शिकलो. मानेच्या बाजूला एक त्रिकोण असतो: वर आयाळीखालचा जाड पट्टा, खाली मानेची हाडं, मागे खांद्याचं हाड. त्याच्या मधोमध टोचायचं. आधी नुसती सुई, १८ गेज जाडीची, दीड इंची, एका झटक्यात पूर्ण आत. मग सिरिंज जोडून दट्ट्या थोडा मागे ओढायचा. रक्त दिसलं तर सुई काढून दुसरी जागा. इथे आळस नको. हे औषध शिरेत गेलं तर घोडा बेभान होऊन उधळतो, कोसळतो, मरूही शकतो.

खरी अडचण औषधाची. डॉक्टरांनी सुरुवातीपुरत्या बाटल्या ठेवल्या होत्या. त्या संपत आल्या तसा चिठ्ठी घेऊन म्हापशाला गेलो. दुकानदाराने चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. शिक्का नाही, नोंदणी क्रमांक नाही, औषध मिळणार नाही. डॉक्टरांचा फोन लागेना. शेवटी सरकारी दवाखाना गाठला. तिथले डॉक्टर गुरांच्या लसीकरणाला गेलेले. कारकुनाने फॉर्म पुढे ओढला नि विचारलं, "बिल्ला नंबर?" गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, तो. म्हटलं, "अहो, घोडी आहे." "मग बिल्ला मारून घ्या." घोडीच्या कानाला! फॉर्मवर गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कुत्रा, सगळे होते. घोडा तेवढा नव्हता. "उद्या या." उद्या गेलो तर कारकूनच रजेवर. तिकडे संध्याकाळच्या डोसची वेळ जवळ येत चाललेली, आणि मधेच डोस चुकवायचा नाही हे डॉक्टरांनी बजावलेलं. मी बाकावर ठाण मांडलं. दुपार टळल्यावर दवाखान्याचे डॉक्टर जीपमधून उतरले, जखमेचे फोटो पाहिले, फॉर्मच्या तळाशी 'इतर' लिहून टिकली मारली आणि शिक्का उमटवला. त्यांना मिनिटभरही लागलं नाही. म्हणून सांगतो, डॉक्टर गोठ्यातून पाय बाहेर काढण्याआधी चिठ्ठीवर शिक्का आहे का बघा.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी घोडीचं वजन विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं, याचा मात्र मला अभिमान आहे. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. अंदाजे किलो मिळतात. डोस त्यावरून डॉक्टरच ठरवतात, आपण नाही.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, भरण्याआधी नीट हलवायची. सुई दरवेळी नवी. सकाळी डावी बाजू तर संध्याकाळी उजवी. एकाच जागी टोचत राहिलं की मान सुजते आणि घोडी खाली वाकून चारा खायला कां-कू करते.

आणि हो, हे राहिलंच: धरणारा माणूस टोचणाऱ्याच्याच बाजूला उभा हवा. घोडी बिथरली तर त्याने तिचं तोंड आपल्याकडे ओढायचं, म्हणजे मागचे पाय दोघांपासून लांब जातात. माझा भाचा आधी पलीकडे उभा राहायचा. त्याला ओढूनच अलीकडे आणावं लागलं.