अ‍ॅम्बेसेडरला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवताना

वडिलांनी घेतलेली आमची १९७२ सालची अ‍ॅम्बेसेडर मार्क २ नागपूरच्या महाल भागातल्या अरुंद गल्लीत वळवता वळवता माझा उजवा खांदा आखडला, तेव्हा गाडी विकावी की स्टिअरिंग हलके करावे, एवढाच प्रश्न उरला होता. विकण्याचा विषय घरात कोणी काढला नाही.

आधी टायरमधील हवा, पुढच्या सस्पेन्शनचे ग्रीसिंग आणि अलाइनमेंट नीट करून घेतले, कारण मूळचा जडपणा तसाच ठेवून मोटर बसवणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय. थोडा फरक पडला, पण उभ्या गाडीत चाके वळवणे जडच राहिले. मग भंगारातून एका छोट्या हॅचबॅकचा पॉवर स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगखालचा मोटर लावलेला दांडा, मिळवला. त्यात तेल नाही, पंप नाही. चालकाच्या हाताच्या जोराने आतली बारीक सळई किंचित पिळली जाते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर शाफ्टला मदत करते.

अडचण गिअरच्या दांड्याची होती. आमच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगपाशी असल्यामुळे त्याची सळई कॉलमला लागूनच खाली जाते आणि मोटर बसवायची जागा नेमकी तीच. मोटर डावीकडे फिरवून, तिरकस कोनातही शाफ्ट फिरू देणारे दोन क्रॉस जोड घालून मार्ग काढला. शाफ्टला वेल्डिंग करू देण्यास मी ठाम नकार दिला आणि हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवर शाफ्टचे दोन भाग जोडणारी, आतून दाते पाडलेली नळी बनवून घेतली. गाडीचा मूळ शाफ्ट न कापता माळ्यावर तेल लावून ठेवला आहे. कापला तो भंगारातला दुसरा. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम मूळ स्वरूपाचा आग्रह धरतात, त्यामुळे परतीची वाट मोकळी ठेवणे मला आवश्यक वाटले.

पहिल्या चाचणीत स्टिअरिंगऐवजी मोटरचे घरच फिरू लागले! मोटर शाफ्टला जितका जोर देते तितकाच उलटा जोर तिच्या बैठकीवर येतो, हे आम्ही पातळ पट्टीचा ब्रॅकेट लावताना विसरलो होतो. जाड पत्र्याचा ब्रॅकेट डॅशबोर्डखालच्या भिंतीला चार बोल्टांनी जखडल्यावर ते थांबले.

खरी फजिती सीताबर्डीला झाली. संध्याकाळी दिवे लावून गाडी पार्किंगमध्ये वळवत असताना दिवे मंदावले आणि स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे झाले. मी मोटरला दोष देत होतो, तर आमच्या इलेक्ट्रिशियनने इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या डायनॅमोकडे बोट दाखवले : "मोटर बरोबर आहे जी साहेब, तिले करंटच नाही भेटून राह्यला." त्याचे खरे होते. जुना डायनॅमो जोरात फिरला तरी जेमतेम २०-२२ अँपिअर देतो, आयडलिंगला जवळपास काहीच नाही. उभ्या गाडीत चाके वळवताना मोटर मात्र क्षणभर ४० अँपिअरच्या वर जाते. व्होल्टेज पडताच तिचा कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, मदत बंद करतो. डायनॅमोच्या जागी जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसवला, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली आणि बॅटरीशेजारी ६० अँपिअरचा फ्यूज घातला, मग तो प्रकार पुन्हा झाला नाही.

आमचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, म्हणून वेग वाढेल तशी मदत कमी करण्यासाठी कंट्रोलरला लागणारा वेगाचा सिग्नल मिळत नव्हता आणि वर्धा रोडवर ७० च्या वेगात स्टिअरिंग इतके हलके लागे की बोटाच्या धक्क्यानेही गाडी सरके. त्यासाठी खोटा सिग्नल देणारी, खटका फिरवून मदत कमी-जास्त करता येणारी डबी लावली. शहरात खटका वर, हायवेला खाली, हे लक्षात ठेवावे लागते, हा या व्यवस्थेचा उणेपणा मानतो.

शेवटी फ्यूज काढून सेमिनरी हिल्सच्या वळणांवर गाडी मुद्दाम चालवून पाहिली. गाडी वळते, पण पूर्वीपेक्षा थोडी जड, कारण बंद मोटरही सोबत ओढावी लागते. फ्यूज परत बसवून घरी आलो आणि गल्लीत गाडी एका हाताने लावली.