बंद केलेला इश्यू डॉक्समधून हलेना

माझ्या प्रकल्पाचे डॉक्स, म्हणजे माहितीची पानं, स्फिंक्स हे साधन तयार करतं. त्यातली ‘उघडे इश्यू’ (न सुटलेल्या तक्रारी) ही यादी डिरेक्टिव्ह, म्हणजे पानात लिहिलेला एक आदेश, गिटहबवरून (जिथे कोड ठेवलाय) आणतो. तीन दिवसांपूर्वी रात्री इश्यू 41 बंद केला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या आलेखात 45 फुटांची धोका रेषा 40 वर उमटायची, तोच तो. बिल्ड मारला (पानं पुन्हा तयार केली), पान उघडलं, तर ‘उघडे इश्यू’खाली 41 ठाण मांडून बसलेला. सलग तिसरी रात्र.

मागच्या वेळचा आकड्यांचा घोळ मात्र मिटला. गिटहबवर उघडे इश्यू 22, आपल्या पानावर 27. गिटहबच्या एपीआयकडे (प्रोग्रामने माहिती मागायची खिडकी) इश्यू मागितले की पुल रिक्वेस्टही (कोडमध्ये सुचवलेले बदल) त्यातच येतात. ज्या नोंदीत ‘पुल_रिक्वेस्ट’ हा रकाना दिसेल ती गाळायची. 22 ला 22 जुळले तेव्हा भडंगाची पुडी फोडली. एका फेरीत 30च नोंदी मिळतात, म्हणून ‘पर_पेज’ आत्ताच 100 करून ठेवलंय.

आता 41. आधी एपीआयवर संशय. कर्लने (टर्मिनलवरून थेट विचारून) बघितलं तर तिथे ‘क्लोज्ड’. मग ब्राउझर, मग टोकन (एपीआयसाठीची ओळखकिल्ली), उगाच नवीन काढलं. वैतागून डिरेक्टिव्हमध्ये प्रिंट टाकला, तर तोही छापेना! तेव्हा कुठे टर्मिनलकडे नीट बघितलं: ‘0 ॲडेड, 0 चेंज्ड, 0 रिमूव्हड’. तीन रात्री ही ओळ डोळ्यांसमोरून जात होती. स्फिंक्स वाचलेल्या पानाचा डॉकट्री, म्हणजे त्यातून केलेला आराखडा, साठवून ठेवतो. पानाची फाइल बदलली नाही की डिरेक्टिव्ह चालतच नाही, एपीआयला विचारणार कोण? पानात काही खरडलं की यादी ताजी व्हायची, म्हणून तर मी भलतीकडेच शोधत बसलो.

मिरजेचा मित्र म्हणाला, “बिल्डच्या कमांडला कॅपिटल ई लाव आणि झोप गप.” चालतं, पण मग सगळी पानं पहिल्यापासून वाचली जातात, आणि विश्रामबागेतला माझा जुना डबा (कॉम्प्युटर) त्यात धापा टाकतो. त्यापेक्षा डिरेक्टिव्हमध्ये ‘नोट_रीरीड’ची एक ओळ घातली: तेवढंच पान दर बिल्डला वाचलं जातं. 41 गेला!

हे लिहिता लिहिताच वाटतंय, हेही अर्धवटच. यादी तीन पानांवर आहे, म्हणजे दर बिल्डला तीन विनंत्या. टोकन असेल तर तासाला 5000 मिळतात, पण नवीन माणूस रेपो क्लोन करून (सगळा कोड उतरवून) बसला की त्याला 60च. त्यापेक्षा ‘बिल्डर-इनिटेड’ला (बिल्ड सुरू होतानाच्या टप्प्याला) एकदाच सगळं आणून जेसन फाइलमध्ये टाकायचं, मजकूर बदलला असेल तरच फाइल लिहायची, आणि पानांनी ‘नोट_डिपेंडन्सी’ने त्या फाइलवर नजर ठेवायची. फाइल बदलली तरच पान वाचलं जाईल. ‘नोट_रीरीड’ काढून टाकतो, एका दिवसाचा पाहुणा.

शिवाय जेसन हाताशी असला की लेबल बघून गाळणं फुकटात होतं: आलेखाच्या पानावर आलेखाचेच इश्यू. नेट नसेल तर जुनीच फाइल वापरायची, पण यादीखाली ती कधी आणली ती तारीख छापायची. पावसाळ्यात आमच्याकडे ते लागणारच. लाईट टिकली तर आज रात्रीच बसतो.