पाचवे कलम

राजारामपुरीत माझे छोटे मालिश केंद्र आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील मालिश व्यावसायिकांची एक संस्था असावी ही कल्पना प्रथम मीच बोलून दाखवल्यामुळे तिच्या घटनेचा मसुदा लिहिण्याचे कामही ओघानेच माझ्याकडे आले. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 प्रमाणे नोंदणीसाठी किमान 7 जण पुरतात. त्या रविवारी मंगळवार पेठेतील एका तालमीच्या माडीवर 31 जण जमले होते. पैलवानांचे अंग रगडण्यात हयात गेलेले वस्ताद होते, दोन दृष्टिहीन सहकारी होते, दाराजवळ अंग चोरून बसलेल्या स्पामधल्या मुली होत्या आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या चार मावशी होत्या. मावश्यांना मी, खरे सांगायचे तर, केवळ रीत म्हणून बोलावले होते.

पहिला तास नावातच गेला. ‘मसाज’ म्हटले की घरमालक गाळा देत नाही, असे अनेकांचे गाऱ्हाणे होते. कुणीतरी ‘अंगमर्दन’ सुचवले, तेव्हा वस्ताद म्हणाले, “त्ये ऐकून गिऱ्हाईक जिन्यातनंच माघारी जाईल.” शेवटी ‘मालिश’वर एकमत झाले.

खरा पेच पाचव्या कलमावर पडला. सदस्यत्व फक्त प्रमाणपत्रधारकांना, असे मी लिहिले होते. फिजिओथेरपीला 2021 च्या केंद्रीय कायद्याचा आधार आहे, नुसती मालिश करणाऱ्यांना तसा नाही; तेव्हा निदान आपली एक चाळण आपणच लावावी, असा माझा हिशेब होता. कलम वाचून झाल्यावर लक्षात आले, की ज्या तालमीत आम्ही बसलो होतो तिथले वस्तादच या चाळणीतून खाली पडत होते.

तेवढ्यात मावश्यांपैकी सर्वांत थोरली बोलू लागली. “ताई, कागद न्हाई माझ्याकडं, पर पाय कळतोय.” बाराव्या दिवशी एका बाळंतिणीकडे ती तेल लावायला गेली, तेव्हा मुलीची डावी पोटरी दुखत होती आणि सासू म्हणत होती, वातानं धरलंय, चांगली दाबून काढा. मावशींनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. उजवा नेहमीसारखा होता. डावा सुजलेला, कातडी ताणून चकाकणारी आणि हाताला ऊन लागणारी. त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि सासूचा राग ओढवून घेत रिक्षा बोलवायला लावली. दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तेव्हा शिरेत रक्ताची गुठळी सापडली. अशी गुठळी चोळण्याने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. “दोन्ही सुजलं तरी डाक्तरला इचारावं,” मावशी म्हणाल्या, “येकच सुजला तर हातच लावू ने.”

मालिश केव्हा करू नये, हे माझ्या तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात एका पानावर होते आणि परीक्षेपुरते मी ते पाठही केले होते. पण वाटीत बोट बुडवण्याआधी गिऱ्हाइकाच्या दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून मी एकदाही पाहिल्या नव्हत्या.

मसुद्यातली ओळ मी पेनाने खोडली. तीन वर्षांचे काम आणि दोन जुन्या सदस्यांसमोर प्रत्यक्ष परीक्षा, असे नवे कलम झाले. त्याखाली मालिश नाकारण्याच्या प्रसंगांची यादी आली. ताप, उघडी जखम, नुकतेच मोडलेले हाड, एकाच पायाची सूज एवढे लिहून होते तोच वस्तादांनी भर घातली, की कुस्ती खेळून आलेल्याच्या हाताला मुंग्या येत असतील तर त्याच्या मानेला हात लावायचा नाही. सांगलीचे एक प्रमाणपत्रधारक गृहस्थ चहा न घेताच निघून गेले. त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती: परीक्षा घेणारे दोघे आपापल्या शिष्यांना झुकते माप देणार नाहीत कशावरून? त्यावर तोडगा त्या दिवशी निघाला नाही.

सह्यांना बसलो तेव्हा कार्यकारिणीच्या तक्त्यात नाव, पत्ता आणि व्यवसाय भरायचा होता. मावशींनी व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ लिहायला सांगितले. “का हो मावशी?” मी विचारले. रेशनकार्डावरही तेच आहे, असे त्या म्हणाल्या. पलीकडून वस्ताद ओरडले, “मालिश लिव गं!” मी मावशींकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली, तेव्हा लिहिले.