मुख्य दाराची चौकट आणि सागवानाची खरेदी

घर बांधताना बाकी सगळं ठेकेदारावर सोडलं, पण मुख्य दाराची चौकट सागवानीच हवी, यावर सासूबाई अडून बसल्या. म्हणून मिस्त्रींना घेऊन टिंबर मार्केट गाठलं.

वखारीत पहिला प्रश्न, ‘बर्मा दाखवू की घाना?’ दरात मोठी तफावत. मिस्त्रींनी देशाचं नाव कानाआड केलं, ओल्या फडक्यानं फळीचं टोक पुसलं आणि बोट ठेवलं. ‘‘वैनी, मधलं तपकिरी हाय ते खरं सागवान. कडंचं पांढरं म्हंजे वाळवीचं जेवाण.’’ सागाच्या गाभ्यात तेल असतं आणि वाळवीला न रुचणारी द्रव्यंही. कडेच्या पांढऱ्या लाकडात ती जवळजवळ नसतातच. त्यामुळे परदेशी असो नाहीतर कर्नाटकातल्या दांडेलीचं, पांढरा पट्टा आला की फळी बाजूला. ताजा काप नाकाशी धरला तर चामड्यासारखा वास येतो, हात किंचित तेलकट होतो. रंग फासून तपकिरी केलेल्या फळ्याही असतात, म्हणून टोक बघायचंच.

हिशेब मी घरूनच करून गेले होते. सात फुटांचे दोन उभे, चार फुटांचे दोन आडवे, पाच बाय तीन इंच जाडी : २२ फूट गुणिले १५, भागिले १४४, म्हणजे साधारण २.३ घनफूट. रंध्यात जाणारं धरून थोडं जास्त लागतं, हे मान्य. एका वखारवाल्यानं साडेतीन लावले, तिथून आम्ही उठलोच.

सागवान वाळताना फार आकसत नाही, म्हणून आपल्याकडच्या पावसात दार अडकायची कटकट कमी. अर्थात लाकूड मुरलेलं हवं. ओल्या सागवानाचीही चौकट पिळवटते. (मुंबईत सागवानात बांधलेलं १८१७ सालचं ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात अजून तरंगतंय, मग उंबऱ्याची काय कथा!)

काम सुरू झाल्यावर मिस्त्री दर थोड्या वेळानं रंध्याचं पातं काढून घासत होते. या लाकडात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, धार पटकन जाते. सांधे चिकटवण्याआधी थिनरनं पुसून घेतले, नाहीतर तेलामुळे फेव्हिकॉल नीट धरत नाही. भिंतीत जाणाऱ्या बाजूला डांबर.

घरातली दारं मात्र फ्लशची, म्हणजे प्लायची सपाट, केली. तिथं सागवान घालायची आमची ऐपतही नव्हती आणि गरजही.